कुलपातली परात

मित्रांनो, परातीला कुलूप लावलेले तुम्ही कधी पाहिले आहे का? पेटीला लावतात, कोठीला लावतात, शेतातल्या मोटारीच्या खोलीला लावतात. मला मात्र खरोखर कुलूप लागले होते, आणि मी तर साधी पितळेची परात. आता जुनी झाले आहे. दुमडलेल्या काठाच्या आत हळदीचा पिवळा पट्टा बसला आहे, तो आजवर कोणत्याही चिंचेने निघाला नाही.

तांबटाने ठोकून ठोकून मला गोल केले आणि वसमतच्या बाजारात एका दुकानात मी उलटी टांगलेली होते. पद्माबाई तेव्हा हळद शिजवण्याच्या कामावर जायची. तिचे हात, लुगडे, पायाच्या टाचा, सगळे पिवळे. तिने मला खाली उतरवायला सांगितले, बोटाने टिचकी मारून माझा आवाज ऐकला.

दुकानदार म्हणाला, "बाई, एवढी मोठी कशाला? घरात माणसं किती?"

"घरात मी एकटीच," पद्माबाई म्हणाली. "खाणारे लई हायत."

ते खाणारे मला शिरड शहापूरच्या पुढे तिच्या लहान गावात भेटले. थोडीशी ख्रिस्ती घरे होती, सगळी मजुरी करणारी. त्यांना चर्चची इमारत नव्हती. पाळक कधीमधी एस.टी.ने यायचे. एका रविवारी त्यांनी पहिल्या मंडळीची गोष्ट सांगितली. येशूच्या मागे चालणाऱ्या त्या पहिल्या माणसांजवळही इमारत नव्हती. ती एकमेकांच्या घरी जमत, भाकर मोडून वाटून खात, आणि कुणाला कमी पडले तर आपल्यातले देत. ते पाहूनच लोक त्यांच्याकडे ओढले जात.

पद्माबाई म्हणाली, "हे तर आपल्याला बी जमतंय की. आपल्याजवळ परात हाय."

तेव्हापासून माझी रीत पडली. शनिवारी मी एका घरून दुसऱ्या घरी जायची. रविवारी त्या घरी उपासना. येणारे प्रत्येक घर मूठभर ज्वारीचे पीठ आणून माझ्यात टाकायचे. सगळे पीठ एकत्र मळले जायचे. कोणत्या भाकरीत कुणाची मूठ, हे कुणालाही सांगता येत नसे. आणि पहिली भाकर कुणी खायची नाही. ती भिंतीपलीकडे जायची, शेजारच्या घरी. शेजारी कोण, कोणत्या धर्माचा, हे कुणी पाहत नसे. शेजारी विचारत, "आज काय हाय हो तुमच्यात?" मग बाया सांगत. कुणाला पटे, कुणाला न पटे. ठेचा मात्र भिंतीवरून परत येई.

मला सर्वांत आवडायचे मनकर्णाचे घर. ते ओढ्यापलीकडे होते. तिला मूलबाळ नव्हते, नवरा केव्हाच गेला होता. तिची बारी आली की ती दोन दिवस आधी अंगण सारवायची. भाकरी थापताना गाणे म्हणायची आणि मला 'पोरी' म्हणायची. पहिली भाकर ती भिंतीवरून राणीच्या हातात द्यायची. राणी तिची शेजारीण, बौद्ध घरातली सून. "अक्का, आज जाड झाली गं," असे राणीने म्हणायचे आणि मनकर्णाने, "मंग तुझ्या सासूला दे," असे म्हणायचे. हे दर वेळी ठरलेले.

अशी अनेक वर्षे गेली.

मग मंडळीने प्रार्थनाघर बांधले. चांगले पक्के, वर पत्रे, आत फरशी. त्यात शेषरावाने सर्वांत जास्त कष्ट घेतले. वारंगा फाट्यावर त्याचे टायरचे दुकान आहे. लहानपणी तो माझ्यातल्या भाकरीवरच वाढला, म्हणून माझ्यावर त्याचा फार जीव. मित्रांनो, त्याने जे केले ते प्रेमानेच केले, हे आधी सांगून ठेवते. त्याने काचेचे दार असलेले लोखंडी कपाट आणले, मला घासूनपुसून त्यात उभी केली आणि कुलूप लावले. वर लाल अक्षरांत लिहून घेतले, 'आपल्या मंडळीची पहिली परात'. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तो शनिवार होता. त्या दिवशी मी मनकर्णाच्या घरी जायची होते.

मला वाटले, उद्या काढतील. उद्या गेला, पुढचा रविवारही गेला. काचेतून मला सगळे दिसत होते, पण हात लागत नव्हता. येशूच्या आठवणीत भाकर मोडून खायची, त्या प्रभुभोजनाला आता बेकरीचा पाव आणत, बारीक तुकडे करून स्टीलच्या ताटलीत फिरवत. खिडकीतून गावातल्या चुलींचा वास यायचा. माझ्या पोटात ना पीठ पडे ना पाणी. एक पाल कपाटाच्या मागच्या फटीतून आत येई, माझ्यावर बसे आणि पाहिजे तेव्हा निघून जाई. तिचा मला हेवा वाटायचा. येणारे पाहुणे माझ्यासमोर उभे राहून फोटो काढत. लेकरे काचेला नाक लावत. मी चकचकीत होते आणि कोरडी होते.

मी फिरत होते तेव्हा कुणाला काही आठवणीत ठेवावे लागत नव्हते. माझ्या मागे माणसे आपोआप प्रत्येक दारी पोचत होती. मी थांबले आणि माणसेही थांबली. मनकर्णा ओढ्याच्या काठी घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले, ही बातमी प्रार्थनाघरात आली. सगळ्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली. "कुणीतरी जाऊन या," असे ठरले. प्रत्येकाला वाटले, दुसरा जाऊन आला असेल. मला आतून ओरडावेसे वाटे, की अरे, तिची बारी आहे! पण परातीला वाजवल्याशिवाय आवाज नसतो.

पद्माबाईचे गुडघे तोपर्यंत गेले होते. प्रार्थनाघर तिच्या दारासमोर होते म्हणून ती तेवढी येऊ शकत होती. एकदा ती काचेवर हात ठेवून म्हणाली, "शेषराव, काढ रे हिला भाईर."

"मावशी, ती आता साक्ष हाय आपली. घरोघर फिरवून पोचे पाडायचे का?"

"अरे, पोचे पडतात तिलाच परात म्हणतात. तू हिचा आरसा करून ठेवला. मला माझंच तोंड दिसून राहिलं, अन् ते काही बघण्यासारखं न्हाई."

शेषराव हसला. कुलूप तसेच राहिले.

गावातले लोक आता उपासनेला डोकावत नव्हते, याची शेषरावाला काळजी वाटे. त्याने उपाय काढला, की गावाच्या दिशेला दोन मोठे भोंगे लावायचे. त्या रविवारी तो हेच पटवून देण्यासाठी उभा राहिला. पहिली मंडळी कशी वाढली, तो बायबलमधला भाग त्याने वाचायला घेतला. तेवढ्यात दारात राणी आली. हातात लहान डबा होता.

"जय भीम. चपला काढू का भाईर?"

"सलाम, माय. ये, आत ये," पद्माबाई ख्रिस्ती घरांच्या रीतीप्रमाणे म्हणाली.

राणी आत आली नाही. उंबऱ्यावरूनच डबा पुढे केला. "मनकर्णाअक्कानं पीठ धाडलंय. म्हणतात, परात येऊन न्हाई राहिली, तर माझी मूठ तरी जाऊ द्या."

शेषरावाने विचारले, "बऱ्या हायत ना त्या?"

"काय बऱ्या? खाटेवरून हालता येत न्हाई. भाकर मी देते, पर कालपासून घास घेऊन न्हाई राहिल्या. म्हणतात, माझी बारी हाय, माणसं यायचीत, मी आधी कशी खाऊ? मी रोज सांगते, कुणी येत न्हाई." राणी सगळ्यांकडे बघत म्हणाली, "तुमी सगळे इथंच असता व्हय? आमाला वाटलं, तुमची मंडळी मोडली. भिंतीवरून पहिली भाकर यायची बंद झाली ना."

"आवाज येत न्हाई का आमचा तिकडं?" मागून कुणीतरी विचारले.

"येतो की. आवाज तर सगळ्यांचाच येतो."

शेषरावाने मान खाली घातली आणि पुढे वाचू लागला. पुढचा भाग असा होता, की पहिल्या मंडळीत रोजचे अन्न वाटताना काही विधवा सुटत होत्या, आणि कळताच मंडळीने आधी ती गोष्ट नीट केली. शेषराव 'विधवा' या शब्दापर्यंत आला. तिथून पुढे त्याला वाचता येईना. त्याने पुस्तक मिटले आणि खिसे चाचपले.

"किल्ली फाट्यावर हाय. दुकानातल्या खिळ्याला."

"मंग काच फोड," पद्माबाई म्हणाली.

"थांब मावशी." तो बाहेर गेला, गाडीच्या डिकीतून पेचकस घेऊन आला आणि कपाटाच्या बिजागऱ्यांचे स्क्रू काढू लागला. दार दुसऱ्या बाजूने उघडले. कुलूप तिथेच लटकत राहिले, कशालाही न धरता.

त्याने मला डोक्यावर घेतले. मागे सगळी मंडळी निघाली, पद्माबाईला दोघींनी खांद्याखाली धरले. वाटेत एकजण ओरडला, "काय शेषराव, टायर सोडून भांडे इकून राहिला का?" शेषराव चालतच राहिला. ओढ्यात त्याचा पाय सरकला, मी दगडावर आपटले आणि ठण्णकन वाजले. किती दिवसांनी माझा आवाज मी ऐकला!

मनकर्णा खाटेवर पडून होती. गाल बसले होते, केस मात्र विंचरलेले होते. तिने शेषरावाकडे पाहिलेच नाही. "आलीस का गं पोरी?" ती मला म्हणाली. "लई येळ लावला."

"काकू, माझी चूक झाली," शेषराव म्हणाला.

"ते मंग सांग. आधी चूल पेटव."

तिच्या बारीसाठी राखून ठेवलेल्या पिठाला जाळी धरली होती. घाईत कुणीच मूठ आणली नव्हती. राणीच्या डब्यातले, त्यातूनच चाळून घेतलेले मूठभर पीठ एका भाकरीलाही पुरेना. राणी घरी जाऊन तिचे पीठ घेऊन आली आणि जरा अडखळली. "आमचं चालंल का?"

"पिठाला काय कळतंय, कुणाचं ते," पद्माबाई म्हणाली. "येशूनं भाकरी वाटल्या तवा कुणाला नाव इचारलं न्हाई."

मनकर्णाला पाठीमागे वाकळ देऊन बसवले, मला तिच्यासमोर खाटेवर ठेवले. गरम पाणी माझ्यात पडले. ती थापू लागली. पहिली भाकर फुगली तेव्हा ती म्हणाली, "भिंतीपलीकडं द्या."

"पर मी तर इथं हाय," राणी म्हणाली.

"मंग इथंच खा."

राणीने भाकर हातात घेतली, उलटून पाहिली. "अक्का, आज जाड झाली गं." मग तिने ती मोडली आणि अर्धी मनकर्णाच्या हातात ठेवली. मनकर्णाने घास घेतला. घरातले सगळे तिच्या चावण्याकडे पाहत होते.

मित्रांनो, ते भोंगे आणले नाहीत. कपाटात आता गाण्याची पुस्तके असतात, आणि त्याला दार नाही. मी पुन्हा घरोघर जाते. ओढ्यात पडलेला पोचा माझ्या काठावर आहे. तो ठोकून सरळ करू का, असे शेषराव विचारतो, तेव्हा पद्माबाई त्याला नको म्हणते. तुम्हीही आपल्या वस्तूंना जपा, धुवा, पुसा. पण त्यांचे काम त्यांच्याकडून काढून घेऊ नका. आणि तुमच्या गावात असे एखादे दार असेल, जिथे बरेच दिवस कुणी गेलेले नाही, तर तिथे कुणीतरी जाऊन आले असेल, असे समजू नका. मूठभर पीठ घ्या आणि आजच निघा. तिथे कुणीतरी केस विंचरून बसलेले असेल.