तीन मोजून नजर खाली

माझी मुलगी सोल्वाय जन्मली तेव्हा मी एकावन्न वर्षांचा होतो. शाळेच्या फाटकाशी लोक मला तिचा आजोबा समजतात, त्याचं मला काही नाही. पण शाळेची मानसतज्ज्ञ लिसबेट हिने फॉर्मवर सोल्वायच्या जन्मावेळचं माझं वय वाचलं आणि त्याभोवती ठसठशीत गोल केला, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"वडिलांचं वय जास्त असलं की ऑटिझमची शक्यता थोडी वाढते, प्रेबेन," ती म्हणाली. "पण ही मुलगी आहे ना. मुलींमध्ये कमीच दिसतो."

म्हणजे दोष माझा, आणि ऑटिझम मात्र मुलग्यांचा. धन्य आहे!

सोल्वायच्या वर्गातल्या व्हिलाड्सचं निदान पाचव्या वर्षीच झालं. तो खुर्च्या फेकतो, त्यामुळे शाळेला दिसतो. माझी पोरगी घरी येते आणि कोटसुद्धा न काढता जेवणाच्या टेबलाखाली दोन तास पडून राहते. गेल्या आठवड्यापासून तर शाळेत जायचंच नाही म्हणते. मला फक्त तपासणीसाठी लिसबेटची चिठ्ठी हवी होती; तिच्याशिवाय शाळा सोल्वायला शांत खोली देणार नव्हती.

"टेबलाखाली? ते घरचं झालं," लिसबेट म्हणाली. "इथलं बघ ना. शुक्रवारी वर्गासाठी केक आणायची पाळी तिची होती. स्वतः करून आणला, प्रत्येकाची चौकशी करत वाढला. नजरेला नजर देते. इतकी गोड पोरगी! तूच उगाच काळजी करतोस."

आमच्याकडे अशा बैठकीला मूल हजर असतंच. सोल्वाय माझ्या शेजारी बसून हसत होती.

"केक कसा केलास गं? दाखव बरं लिहिलेलं," लिसबेट लाडात म्हणाली.

सोल्वायने दप्तरातली वही उघडून पुढे ठेवली. केकची कृती चार ओळींची होती. त्याखाली पानभर वेगळंच. लिसबेट मोठ्याने वाचू लागली.

"एमिलला विचारायचं, कुत्रा बरा आहे का. फ्रेयाला, दात दुखतो का. कपाळाकडे बघायचं, तीन मोजून नजर खाली. दोघं हसले की आपणही हसायचं. लिसबेटसमोर सारखं हसायचं, म्हणजे लवकर सोडते."

शेवटची ओळ वाचून तिने वही मिटली. तिने खणातून चिठ्ठीचा कागद काढला.

"वय एकावन्न," मी म्हणालो. "हवं तर पुन्हा गोल कर."

ती मान खाली घालून लिहीत राहिली. सोल्वायने माझी बाही ओढली. अजून हसतच होती.

"बाबा, आता थांबू का? गाल दुखतायत."