मागच्या खोलीचं काय?

"इथं? बाहेरच्या खोलीत?" कुसुमताईंनी काठी टेकली. "अहो, इथं वडिलांचे अशील बसायचे. त्यांच्यादेखत आई बाळंत झाली म्हणता?"

जयंतीला जमलेली पंचवीस माणसं खदखदून हसली. स्मारकाचे कार्यवाह दिगंबरराव तेवढे हसले नाहीत.

पाटी: लेखक श्यामसुंदर आगटे यांचा जन्म याच खोलीत झाला. वस्तूंना हात लावू नये. शंका घरी जाऊन काढाव्यात.

कुसुमताई म्हणजे लेखकाची थोरली बहीण. वय शहाऐंशी, मुक्काम बडोदा. बुधवार पेठेतलं हे घर स्मारक झाल्यावर आज पहिल्यांदाच आलेल्या.

"आपण आधी सांगायचं होतं," दिगंबरराव म्हणाले.

"आपण आधी विचारायचं होतं."

दाराशी फडकं घेऊन मथुराबाई उभ्या. अकरा वर्षं बिबवेवाडीहून बसनं येतात, झाडतात, पुसतात, जातात. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्या बोलल्या होत्या.

"सायेब, बाळातपण मागच्या खोलीत झालं आसंल. वारं न्हाई, मोरी लागून हाय, वर पाळण्याची कडीबी हाय."

"मथुराबाई, इतिहास आम्ही पाहतो. आपण जळमटं पाहा."

त्यावर कार्यकारिणी हसली होती. सगळे पुरुष. बाळंतिणीची खोली म्हणून काही असतं, हे नऊपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मागच्या खोलीत मग केरसुण्या राहिल्या आणि मथुराबाईंचा डबा.

आता पुन्हा बोलावं? पंचवीस माणसांसमोर साहेबाला खोटं पाडलं, तर उद्या झाडायला दुसरी बाई येईल. गप्प राहावं, तर...

गप्प राहवेना.

"आजी, चला. दावते."

दार ढकललं. अंधार. मग हळूहळू दिसू लागलं: सारवल्यासारखी स्वच्छ फरशी, मधोमध ओंजळीएवढी रांगोळी, तिच्यावर हळदीकुंकू.

कुसुमताईंचा हात भिंतीवरून फिरत फिरत कोपऱ्यात थांबला. "इथं खाट होती. मी दाराच्या फटीतून बघत होते, तर सुईणीनं धपाटा घातला." त्या हसल्या, डोळे पुसले, पुन्हा हसल्या. "रांगोळी कुणी काढली?"

"मीच. दरसाल या दिवशी काढते."

"कुणी सांगितलं?"

"कोन सांगतंय? पोर जल्मलं त्या जागंला कोरडं कसं ठिवायचं?"

कुसुमताईंनी वाकून फरशीवरचं कुंकू बोटावर घेतलं आणि मथुराबाईंच्या कपाळाला लावलं. मग वळून म्हणाल्या, "कार्यवाह, पुढची माहिती ह्या देतील."

माणसं दाटीवाटीनं आत शिरली. काही बाहेरच राहिली. मथुराबाईंनी सुरुवात केली, पुटपुटतच. थंडीत शेगडी कुठं ठेवत असतील, बाळाला न्हाऊमाखू कुठं घालत असतील.

"मथुराबाई, जरा मोठ्यानं," सगळ्यांत मागून आवाज आला. "इथं ऐकू येत नाहीये."

दिगंबरराव होते. उंबऱ्याबाहेर, टाचा उंचावून.

मथुराबाईंनी पदर सारखा केला आणि आवाज चढवला.