बैठकीचा उतार

"बघ, बुडबुडा कसा मागे पळाला!" स्टुलाच्या बैठकीवर पाणसळ टेकवत गवंडी म्हणाला. "पुढून सरळ सरळ उतरतं आहे. वाकडा माल गळ्यात मारला आहे आपल्या."

वॉकर धरून दारात उभी असलेली बायको म्हणाली, "अहो, ते तसंच असतं. त्या व्यायामवाल्या बाईंनी सगळं समजावून सांगितलं की."

"कधी?"

"तुम्ही खाली टेम्पोवाल्याची झडती घेत होतात, तेव्हा."

गवंड्याने ते नाकारलं नाही. खोक्याची चिकटपट्टी एका बाजूने उचकटलेली दिसल्यावर, माल कुणाकडून परत आलेला तर नाही ना, हे विचारणं त्याला भागच होतं. काम सोडून त्याला बरीच वर्षं झाली होती, तरी आळीत सगळे त्याला गवंडीच म्हणत, आणि त्याची नजरही अजून तीच होती. वाळूच्या ट्रकमध्ये कोपरापर्यंत हात खुपसून माती शोधायची, सिमेंटच्या पोत्याची शिवण उसवून पुन्हा घातली आहे का ते पाहायचं, यात त्याचा जन्म गेला होता. या संशयापायी त्याची एकही भिंत कधी कलली नव्हती. माणसंही फारशी जवळ आली नव्हती, पण तो हिशेब त्याने कधी मांडला नव्हता.

"आणि त्या बाईला काय जातंय सांगायला?" तो पुटपुटला. "दुकानदाराकडून सुटत असेल काहीतरी."

बायको हसली आणि वॉकर पुढे ढकलत खोलीत गेली. जिन्यावर पडून तिचा खुबा मोडला होता. शस्त्रक्रिया नीट झाली, टाके सुकले, घरातल्या घरात ती हिंडूफिरूही लागली. पण ओट्याशी जरा वेळ उभं राहिलं की तिचा पाय थरथरायचा. म्हणून त्या बाईंनी हे उंच स्टूल सुचवलं होतं. त्यावर पुरतं बसायचं नाही, नुसतं टेकायचं. म्हणजे अर्धा भार बैठकीवर राहतो आणि अर्धा पायांवर. दोन्ही बाजूंना धरायला हात होते, पायांना रबरी टोप्या होत्या, आणि पायांतली बटणं दाबून उंची कमीजास्त करता येत होती.

स्टूल लेकीने पाठवलं होतं. गवंड्याच्या मनात खरं ठसठसत होतं ते हेच. फोनवर ती म्हणाली होती, "बाबा, रविवारी मी येते. आईला स्वयंपाकघरात स्वतःचं स्वतः करता आलं, तर प्रश्नच मिटला. नाहीतर मी तिला कायमची इकडे आणणार. तुमच्या हातचा चहा पिऊन कसं निभायचं तिचं?" बोलताना ती हसली होती. गवंड्याला मात्र त्या हसण्याखालचा बेत ऐकू आला होता. ज्याला भिंत पाडायची असते तो आधी तिचा पाया पोकळ करतो. मुद्दाम असलं घसरगुंडीसारखं स्टूल पाठवायचं, आई घसरली की म्हणायचं, मी सांगत नव्हते? पोटच्या पोरीबद्दल असं मनात आणलं याची त्याला लाज वाटली, पण लाज वाटूनही संशय जागचा हलला नाही.

दुपारी बायकोचा डोळा लागल्यावर त्याने स्टूल आडवं केलं, पुढच्या दोन्ही पायांची बटणं दाबली आणि ते पाय दोन भोकं बाहेर ओढले. स्टूल उभं करून पाणसळ ठेवली. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध येऊन शांत झाला. कित्येक दिवसांत असं समाधान त्याला मिळालं नव्हतं. मागच्या पायांच्या टोप्या आता नुसत्या कडेवर टेकल्या होत्या, तिकडे त्याचं लक्ष गेलं नाही. तो फक्त बुडबुड्याकडे पाहत होता.

संध्याकाळी बायकोने बटाटे चिरायला घेतले. ती पाठमोरी मागे सरकली, पायांना बैठक लागल्यावर दोन्ही हातांनी धरून सावकाश टेकली. मग जरा चुळबुळली.

"सकाळी टाचा टेकत होत्या माझ्या," ती म्हणाली.

"सवय नाही तुला अजून."

ती बटाटे चिरू लागली. सगळे चिरून झाल्यावर उठायला गेली, तर उठता येईना. दोनदा जोर केला. तिसऱ्यांदा ओट्याची कड धरून तिने अंग पुढे झोकलं, आणि स्टूल मागच्या मागे सटकलं. गवंड्याने धावत येऊन तिला काखेत धरलं. ती पडली नाही. कोपर सोलवटलं, ताटलीतले बटाटे जमिनीवर विखुरले.

"लागलं का?"

ती आपल्या डाव्या पायाकडे, परक्याच्या वस्तूकडे पाहावं तशी पाहत राहिली.

"बघितलंस? मी म्हणत होतो, माल खोटा आहे."

"सकाळी त्या बाईंसमोर मी चारचारदा उठले हो त्याच्यावरून. तेव्हा हेच स्टूल होतं." तिचा आवाज खाली गेला. "माल नाही, माझा पायच खोटा आहे. जाते मी लेकीकडे. तुम्हाला तरी किती धावायला लावू?"

त्यानंतर ती स्टुलाकडे फिरकली नाही. चहा गवंडी करायचा आणि ती तो काही न बोलता प्यायची. शनिवारी तिने खाटेखालची पिशवी त्याच्याकडून काढून घेतली आणि बसल्या बसल्या कपड्यांच्या घड्या भरल्या. गवंडी दारात उभा राहून पाहत होता. लेकीचा बेत साधला होता, आणि कुणाला जाब विचारावा हे त्याला कळत नव्हतं.

रविवारी लेक आली ती तडक स्वयंपाकघरातच गेली. भिंतीशी सारून ठेवलेलं स्टूल तिने ओढलं, त्यावर टेकली आणि लगेच उठली.

"अगंबाई, हे असं काय? मागे कलतंय! आई, यावर बसत होतीस तू? लावून झाल्यावर फोटो पाठवला होता त्या बाईंनी. त्यात बैठक चांगली पुढे उतरती होती." तिने वाकून पाय पाहिले. "पुढचे पाय लांब, मागचे आखूड! असं कुणी लावतं? थांब, आत्ता फोन करून चांगली झापते त्यांना. माणसाच्या हाडांशी खेळ करतात म्हणजे काय?"

तिने पर्समधून फोन काढला. गवंड्याने एकदा बायकोकडे पाहिलं. मांडीवर पिशवी घेऊन ती बाहेरच्या खोलीत बसली होती, जायला तयार. तो गप्प राहिला असता, तर बोलणी त्या बाईला बसली असती आणि ती कदाचित बावरून माफीही मागून मोकळी झाली असती.

"तिला नको बोलूस," तो म्हणाला. "मी केलं ते."

"काय?"

"मला वाटलं, वाकडं आहे. म्हणून पाणसळीत आणलं. मला वाटलं, तू मुद्दाम तसलं पाठवलंस. आईला न्यायला."

लेकीच्या हातातला फोन तसाच राहिला. ती काही बोलणार, इतक्यात बाहेरून बायकोचा आवाज आला.

"म्हणजे माझा पाय नव्हता?"

लेकीने गवंड्याकडे पाहिलं.

"अहो, मी विचारतेय. पाय नव्हता ना माझा?"

"नाही," गवंडी म्हणाला. "मीच होतो."

वॉकरचा आवाज जवळ येत गेला. दारात येऊन ती थांबली. आता आपल्याला चांगलं ऐकवलं जाणार, असं गवंड्याला वाटलं, आणि तेच त्याला हवं होतं. पण तिने फक्त स्टुलाकडे बोट दाखवलं.

"काढा ती बटणं. चारी पाय एकाच भोकात आले पाहिजेत. खट्ट असा आवाज होतो बघा, तो ऐकायचा, नाहीतर बटण बसलं नाही समजायचं. टोप्या चारी टेकल्या ना? आता ओट्याच्या जवळ घ्या. अजून. लांब राहिलं की माणूस वाकतं आणि तोंडावर जातं. तो पाण्याचा ओघळ पुसा आधी, ओल्या फरशीवर नाही ठेवायचं."

गवंडी सांगितलं तसं करत गेला. आयुष्यभर त्याने लोकांना हुकूम दिले होते. बायको इतकं सलग बोलू शकते हे त्याला नवीन होतं.

"आणि न्हाणीला उतार दिला नाही म्हणून तुम्ही मजुरांच्या नावाने शंख करायचात ना?" ती म्हणाली. "पाणी तुंबतं म्हणायचात. मग सपाट बैठकीवर मी तुंबले, तर नवल काय?"

लेकीला हसू आवरेना. गवंडी मान खाली घालून फरशी पुसत राहिला. ती केव्हाच कोरडी झाली होती.

बायको टेकली. पायांचे दोन्ही तळवे फरशीवर सपाट बसले. तिने हाताशी ठेवलेले कांदे चिरले, मग हातांवर भार देऊन उठली, पुन्हा टेकली, पुन्हा उठली. लेक दाराच्या चौकटीला टेकून पाहत होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आई, मग ती पिशवी?"

"घड्या परत कपाटात लाव. आणि बाबांवर रागावायचं असेल तर जेवण झाल्यावर रागाव."

लेक रागावलीही. जेवणानंतर खूप बोलली, निघताना बापाकडे न बघता चपला घातल्या. जिन्याच्या वळणावर थांबून मात्र तिने वर पाहिलं. "पुढच्या रविवारी येईन," ती म्हणाली. "तपासायला नाही, अशीच."

दार लावून गवंडी आत आला, तेव्हा बायको सिंकपाशी टेकून भांडी घासायला लागली होती. तो मागे येऊन उभा राहिला, पडलीच तर धरता यावं इतक्या अंतरावर.

"बाहेर जाऊन बसा," ती मागे न वळता म्हणाली.

"मी कुठे काय करतोय?"

"नजर ठेवताय. पाठीला कळतं मला. जा."

तो बाहेर जाऊन खुर्चीवर बसला. आतून भांड्यांचा आवाज येत होता, नळाची धार मोठी होत होती, लहान होत होती. मग नळ बंद झाला. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. गवंड्याच्या तोंडाशी हाक आली. खुर्चीचे हात त्याने घट्ट धरले, कान आतल्या दाराकडे लावून धरले, आणि तो जागचा हलला नाही.