न दिसणारा विस्तू

शके १९४०, पौष शुद्ध चतुर्दशी, रविवार या दिवशी, भंडारा जिल्ह्यातील मौजे कारधा येथे, वैनगंगेवरचे धुके पुरते विरले नव्हते तोच मधुकररावांनी नदीचे पाणी पेटवले.

ज्या कारखान्याच्या फाटकावर खिशातली आगपेटीसुद्धा काढून घेतात, त्या जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांची तीस वर्षे गेली होती. निवृत्तीनंतर मात्र त्यांना एकाच स्वप्नाने झपाटले: छपरावरच्या सौर पॅनेलची वीज नदीतून आणलेल्या पाण्यात सोडावी, पाणी फोडून त्यातला हायड्रोजन चुलीला द्यावा, आणि जळता जळता त्याचे पुन्हा पाणीच व्हावे. झोपेत त्यांना नदी घरात शिरताना दिसे. ती भिजवीत नसे, ऊब देत असे.

त्यांच्या पत्नी मंदाबाईंची अट साधी होती. या चुलीवर भात शिजला तर चूल राहील. नाहीतर दोन वर्षांचा सगळा पसारा भंगारात जाईल.

आदल्या दिवशीच्या उन्हात टाकीत वायू साठला होता. मधुकररावांनी स्वयंपाकघरात तोटी फिरवली, ठिणगी पाडली.

"पेटली."

"काय पेटली? मले तं काही दिसून नाही राह्यलं."

"शुद्ध वायूची ज्योत उजेडात दिसत नसते. तेच तिचं मोठेपन."

"तुमच्यासारखंच. कामात हाये म्हन्ता, दिसत कोठीच नाही."

मधुकरराव खिडकीकडे वळून ज्योतीची थोरवी सांगू लागले. इकडे चूल विझली असे समजून मंदाबाई बर्नर पुसायला पदर घेऊन वाकल्या. चुरचुर ऐकून मधुकरराव वळले आणि त्यांनी मंदाबाईंचे मनगट मागे ओढले. दोन बांगड्या फुटल्या. पदराचा काठ करपला होता.

कारखान्यात प्रत्येक धोक्याला त्यांनी लाल दिवा लावला होता. घरात रांधणारी बाई विस्तू डोळ्यांनी ओळखते, एवढेच त्यांच्या ध्यानातून सुटले होते. त्यांचा हात तोटीकडे गेला.

"बंद करतो. उद्या भंगारवाल्याले बोलाव."

"थांबा जी. भात टाकल्याबिगर कायचा निकाल?"

पदर खोचून, हात लांब ठेवून त्यांनी पाणी भरलेला भाताचा गंज चढवला. तांदूळ वैरले, मीठ टाकले. गंजाखाली काही पेटलेले दिसत नव्हते, तरी पाणी सळसळू लागले. दोघेही त्या रिकाम्या जागेकडे, देवळाच्या गाभाऱ्याकडे पाहावे तसे पाहत बसले. मग पेज उतू गेली. खारट थेंब खाली ओघळले आणि त्या रिकाम्या जागी मिठाने रंगलेली पिवळी ज्योत उमलली. क्षणभर थरथरली, थेंब सुकताच पुन्हा नाहीशी झाली. मधुकररावांना वाटले, स्वप्नातली नदी आपल्याकडे पाहून गेली.

"दिसली," मंदाबाई हळूच म्हणाल्या.

त्यांनी एक शीत चिमटीत दाबून पाहिले.

"भात शिजला," त्या म्हणाल्या. "चूल राहू द्या. पन घरात नाही, अंगनात."