पाणी येतं का?

मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. मित्रांनो, माझ्याकडून मायेची अपेक्षा ठेवू नका. मी डूख धरणाऱ्यांपैकी आहे.

शिवणकाम करणाऱ्या एका काकूंनी मला पिण्याचं पाणी भरायला विकत आणलं, तेव्हा मी चकचकीत होते. पण त्यांची गल्ली उताराच्या तळाशी आणि वर रंगाचा कारखाना. त्याचं गटार तुंबलं की काळं पाणी उंबरा ओलांडून घरात शिरायचं. मग मला घाण उपसायला जुंपलं. त्या पाण्यानं काकूंच्या लेकीच्या पायांवर फोड उठले. माझंही बूड गंजून गळू लागलं, म्हणून त्याला डांबर फासलं.

एकदा नवे नळ कुणाला हवेत याच्या पाहणीसाठी पालिकेचे साहेब आले. नाकाला रुमाल लावून त्यांनी दारातूनच विचारलं, "घरात पाणी येतं का?"

काकू कळवळून म्हणाल्या, "येतं ना साहेब, सारखं येतं."

'हो' लिहून साहेब पुढच्या दारी गेले. गल्लीभर तेच झालं. पाणी येणाऱ्यांना नळ कशाला? नवे नळ वरच्या बंगल्यांच्या बागांना मिळाले. काकू विचारायला गेल्या, तर साहेब हसून म्हणाले, "तुम्हीच हो म्हणालात की." ते हसू मी पोटात ठेवलं.

पुढे समाजशास्त्राच्या अभ्यासक ताई आल्या. घरात खुर्ची नव्हती, म्हणून काकूंनी मला उपडी घातलं आणि ताई माझ्यावर बसल्या. प्रश्न तोच होता, पण 'येतं' ऐकून त्या उठल्या नाहीत.

"कुठून येतं काकू? कसलं? आणि उपसतं कोण?"

त्या वरच्या बंगल्यांतही विचारून आल्या. नळ सगळे वर, घाण सगळी खाली आणि उपसणाऱ्या सगळ्या बायका, हे त्यांनी पालिकेच्या भरसभेत मांडायला घेतलं. साहेबांनी मध्येच तोडलं, "आमच्या पाहणीत सगळे हो म्हणालेत."

काकू मला घरात शिरलेल्या पाण्यानं काठोकाठ भरूनच आल्या होत्या. त्यांनी मला साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्याच क्षणी माझ्या बुडाचं डांबर सुटलं. आपोआप सुटलं, असं लोक म्हणतात. म्हणू देत बापडे.

काळं पाणी साहेबांच्या मांडीवर ओघळलं. ते ताडकन उठले. ताईंनी शांतपणे विचारलं, "साहेब, पाणी येतं का?"

सभा आधी हसली, मग ताईंचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकती झाली. गल्लीला नळ मिळाला. कारखान्याला आपलं गटार बंद करावं लागलं.

आता मी नळाशेजारी उपडी पडून असते. मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, पण बुडाला डांबर जरा कच्चंच लावा. कुणी पुन्हा दारातूनच विचारून गेलं, तर मला भरून न्या.