पारा हलेना

मित्रांनो, मी काचेचा एक जुना थर्मामीटर आहे. माझ्या पोटात चांदीसारखा पारा आहे आणि पाठीवर आकड्यांच्या बारीक रेघा. नाशिकच्या इंदिरानगरातल्या एका छोट्या प्रसूतिगृहात साधना सिस्टरांनी मला पहिल्यांदा हातात घेतले. पुढचे सारे आयुष्य माणसांच्या काखेत गेले. मी ताप सांगायचो आणि लोक मानायचे. आपल्याला सगळे कळते, असे मलाही वाटू लागले होते.

एकोणीसशे सत्त्याण्णवच्या जानेवारीतल्या एका सकाळी सिन्नरकडच्या मळ्यातून जीप आली. सुवर्णा घरीच बाळंत झाली होती. रक्तस्राव थांबत नव्हता, म्हणून तिला लगेच आत नेले. बाहेर राहिले तिचा नवरा समाधान, सासू वत्सलाबाई आणि गोधड्यांत गुंडाळलेली एक इवलीशी मुलगी. ती रडत नव्हती. तिचे ओठ निळसर पडले होते.

सिस्टरांनी मला तिच्या काखेत ठेवले. माझा पारा हलेना. माझे आकडे चौऱ्याण्णवपासून सुरू होतात आणि ती त्याहून गार होती. किती गार, ते मला सांगताच येईना. एवढा निरुपयोगी मी कधीच नव्हतो.

“हिला अंघोळ कुणी घातली?” सिस्टरांनी विचारले.

“म्या,” वत्सलाबाई म्हणाल्या. “जन्मल्यावर न्हाऊ घालावंच लागतं ना? पर गोधड्या लय घातल्यात, बाई.”

“आजी, गोधडी ऊब राखते, तयार करत नाही. हिच्यात राखायला काही उरलंच नाही.”

वीज गेली होती, त्यामुळे बाळांना ऊब देणारा दिवाही बंद होता. सिस्टर समाधानकडे वळल्या. “सदरा काढा. हिला उघड्या छातीशी धरा.”

“मी?” तो मागे सरला. “माझे हात बघा ना. मोडंल ती.”

“बाप्या माणसानं उघडं बसून लेकरू धरायचं?” वत्सलाबाई पुटपुटल्या. “लोक हसतील.”

“हसू द्या. आधी हिला रडू द्या.”

समाधान भिंतीला टेकून बसला. सिस्टरांनी मुलीला टोपरे बांधले, तिला त्याच्या छातीवर ठेवले आणि गोधड्या दोघांवरून पांघरल्या. मी तिच्या काखेतच, बापलेकीच्या मध्ये होतो. त्याचे काळीज धडधडत होते. तिचे मला जाणवतच नव्हते.

“बये, मेथीचा वाफा अर्धा उपटून आलोय,” तो तिच्या कानाशी म्हणत होता. “तुझी आय आत झुंजतीय. तू तरी रड की.”

पारा तसाच. सिस्टर मला काढत, बघत, पुन्हा ठेवत. वत्सलाबाई कपाळ बडवू लागल्या, “म्याच मारली गं पोर!” सिस्टरांनी म्हातारीला घट्ट जवळ घेतले. तिची थरथर हळूहळू ओसरली.

आणि माझा पारा पहिल्या रेघेला लागला. मग पुढच्या. मुलीचा श्वास बापाच्या श्वासामागे चालू लागला होता. ती रडली. बारीक, चिडक्या आवाजात. समाधानही रडला. हसायला कुणीच नव्हते.

संध्याकाळी सुवर्णा शुद्धीवर आली, तेव्हा मुलगी तिच्या छातीवर होती.

पुढे बिनपाऱ्याचे थर्मामीटर आले. मी कापसात गुंडाळलेला, कपाटात पडून आहे. इतकी वर्षे मी ऊब मोजली, कुणाला दिली मात्र नाही. ती माणसेच देऊ शकतात.

मित्रांनो, मी कधी फुटलो तर माझ्या पाऱ्याला हात लावू नका, तो विषारी असतो. पण घरात कुणी गप्प, गार होऊन बसले असेल, तर मला शोधत बसू नका. आधी त्याला जवळ घ्या.