वगळलेली सव्वीस वर्षं

नदीची पट्टी वाचायचं काम वडिलांनी सव्वीस वर्षं केलं. पुलाच्या खांबाला ठोकलेली, सेंटिमीटरच्या खुणांची लोखंडी पट्टी. सकाळी सातला खाली उतरायचं, पाणी कुठवर आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं. पट्टी वाचल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही, हा नेम त्यांनी आपणहून लावून घेतला होता. आई म्हणायची, लग्न माझ्याशी लागलं खरं, संसार मात्र नदीशी चाललाय.

त्यांची थोरली लेक पुढं पाणीखात्याच्या नियोजन कचेरीत लागली आणि नदी पुन्हा नांदती करायची योजना तिच्याच टेबलावर आली. वरच्या ओढ्यांवर लहान तलाव बांधायचे, पुराचं पाणी त्यांत अडवायचं आणि उन्हाळाभर ते थोडंथोडं नदीत सोडायचं. म्हणजे डोह एकमेकांपासून तुटणार नाहीत, मासे अंडी घालायला वर चढतील. तलाव किती, ते ठरणार होतं नदी किती आटते यावरून. आणि ते सांगणारी वही एकच, वडिलांची. वहीप्रमाणे ऐन उन्हाळ्यातही चार-पाच सेंटिमीटर पाणी राहतच होतं. दोन तलाव पुरे, असा आकडा निघाला. वडिलांच्या कष्टांचं चीज झालं म्हणून थोरली त्या दिवशी कचेरीत उगाचच हसतमुख होती.

मग याच नदीतले मासे वर्षानुवर्षं मोजणाऱ्या एका संशोधक बाईंनी आपले जुने फोटो पाठवले. एका फोटोत मेलेले मासे होते, भेगाळलेला गाळ होता आणि त्या गाळात उभी असलेली पट्टी, पायथ्यापर्यंत कोरडी. कोपऱ्यात तारीख छापलेली. थोरलीनं वही काढली. त्या तारखेला वडिलांच्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं, ‘पाच’.

दोन दिवस तिनं ते फोटो टेबलाच्या खणात ठेवले. गप्प बसली असती तर कुणालाच कळलं नसतं, फोटो आणि वही शेजारी ठेवून फक्त तिनंच पाहिली होती. पण दोनच तलाव झाले तर शेवटच्या महिन्यात पाणी संपणार आणि आशेनं वर चढलेले मासे मधल्याच डबक्यात अडकून मरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी ती वही आणि फोटो घेऊन वडिलांसमोर बसली.

आधी त्यांनी थट्टेवारी नेलं. फोटोवाल्यांना नदी काय कळते, ते तर नदीलाही हस म्हणतील. थोरली हसली नाही. मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ उपरण्यानं पुसत राहिले.

“घरात कुणी आजारी असलं की विचारणाऱ्याला आपण ताप एखाददुसरी डिग्री कमीच सांगतो गं,” ते म्हणाले. “पहिल्या दिवशी वाटलं, उद्या येईल पाणी, कशाला शून्य लिहा. दुसऱ्या दिवशीही तसंच वाटलं. मग हात वळेचना.”

“किती दिवस, अण्णा?”

त्यांनी तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि वही उघडली. थोरली बघत राहिली. एकेका ओळीपाशी थांबून ते बारीक शून्य घालत होते. एकदाही अडखळले नाहीत. एका ओळीवर म्हणाले, या दिवशी तुझ्या आईला दवाखान्यात नेलं, त्याआधी उतरून आलो होतो. संध्याकाळपर्यंत एकशे बारा शून्यं झाली. बाकीचं सगळं खरं आहे, ते म्हणाले, अगदी पुरातलंसुद्धा; कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून वाचलेलं आहे.

थोरलीनं साहेबांना सगळं सांगितलं. साहेब भला माणूस. चहा मागवला, तिला तो पिऊ दिला आणि मग हळू आवाजात म्हणाले, “खोटं कुठलं नि खरं कुठलं, हे सांगणारेही तेच. असं कसं धरणार, ताई? सगळीच वही हिशेबातून काढावी लागेल.”

नियमच तसा होता. तिनंही दुसऱ्यांच्या वह्या अशाच बाजूला ठेवल्या होत्या. शेजारच्या नदीचे आकडे धरून हिशेब पुन्हा झाला आणि तीन तलाव आले. अहवालातली ओळ थोरलीनंच लिहिली: ‘या पट्टीच्या सव्वीस वर्षांच्या नोंदी विश्वासार्ह नसल्याने वगळल्या आहेत.’

ती ओळ वडिलांना दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून तिनं अहवाल घरी आणला. त्यांनी ती बोट ठेवून वाचली, पुन्हा वाचली.

“तीन तलाव ठरले ना?”

“ठरले.”

“मग बरोबर लिहिलंयस.” त्यांनी विचारलं, “मासे वर यायला किती वर्षं?”

तिनं खरं सांगितलं. बांधायला तीन, आणि नंतर निदान चार.

वडिलांचं वय ऐंशी. त्यांनी ओठांतल्या ओठांत बेरीज केली आणि मान हलवली. अहवाल मिटून तिच्या हातात दिला आणि म्हणाले, आता जेवून घे, उशीर झालाय. थोरली तशीच बसून राहिली. तिला त्यांचा हात धरायचा होता, पण त्या हातानं अजून ती ओळ सोडली नव्हती. बोट मांडीवर आडवं, सावकाश, पुढं सरकत होतं.